अंतर पडणें आणि अंतर देणें

मुंबईहून लंडन किती दूर आहे, हा प्रश्न वरकरणी भूगोलाच्या पहिल्या पुस्तकांतला वाटतो. पृथ्वीचा गोल पुढें घ्यावा, दोऱ्याचें एक टोंक मुंबईवर धरावें, दुसरें लंडनवर टेकवून दोरा ताणावा आणि मोजावें. उत्तर सुमारे ७,२०० किलोमीटर येईल. सपाट नकाशावर पट्टी ठेवणाऱ्यास वाटतें कीं ही वाट इराणच्या आखातावरून व सिरियावरून जात असावी. गोलावर ताणलेला दोरा मात्र उत्तरेकडे कलून इराण, काकेशसचा प्रदेश, युक्रेन, पोलंड व जर्मनी यांवरून जातो, आणि तोच खरा जवळचा मार्ग होय. विमानास हें अंतर काटण्यास नऊ ते दहा तास लागतात. जातांना थोडे अधिक, येतांना थोडे कमी, कारण उंचावरचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. इतकें सांगितलें म्हणजे प्रश्नाचें उत्तर झालें, असें मीहि कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत समजत होतों.

त्या समजुतीस धक्का बसला तो जानेवारींतल्या एका पहाटे. पुण्यांत आम्ही राहतों त्या इमारतींत, समोरच्या बिऱ्हाडांतील म्हाताऱ्या बाई पांचच्या सुमारास वारल्या. वय नव्वदीच्या घरांत, दुखणें जुनें. अनपेक्षित असें कांहीं नव्हतें. मुलगी जवळ होती. गेलीं अकरा वर्षें तीच जवळ होती. मुलगा लंडनला. तिकडे त्या वेळीं आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजले होते. अर्ध्या तासांत जिन्यावर पांच-सात माणसें जमलीं, आणि अशा वेळीं होतें त्याप्रमाणें दुःखाचें बोलणें थोडक्यांत आटोपून हिशेबाचें बोलणें सुरू झालें. "विमान नऊ तासांचें. म्हणजे दुपारीं दोन-तीनपर्यंत येईलच कीं," एक गृहस्थ म्हणाले. दुसऱ्यांनीं बर्फाच्या पेटीची चौकशी केली. तिसऱ्यांनीं गुरुजींस फोन केला. मुलास तिकडच्या सकाळीं दहाच्या विमानांत जागा मिळाली. म्हणजे आपल्याकडील दुपारचे साडेतीन. मुंबईस तो उतरला तेव्हां रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. मग कागदपत्रांची रांग, मग गाडी, मग घाट. तो दारांत आला तेव्हां पुनः पहाटेचे पांच वाजत होते. बरोबर चोवीस तास! त्यांपैकीं आकाशांत नऊ आणि जमिनीवर पंधरा.

आईच्या पायांशीं तो बराच वेळ बसला. मग बहिणीकडे वळून, परंतु खरें म्हणजे कोणासच उद्देशून नव्हे, तो म्हणाला, "नऊ तासांचाच तर रस्ता होता, ताई." बहीण कांहीं बोलली नाहीं, तिनें चहाचा कप त्याच्यापुढें सरकवला.

त्या वाक्यांतील 'च' आणि 'तर' हीं दोन अक्षरें तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून आहेत. रस्ता सहा महिन्यांचा असता तर तें वाक्य त्याच्या तोंडून निघालें नसतें. तो नशिबास बोल लावून रडला असता आणि मोकळा झाला असता. नऊ तासांच्या रस्त्यास बोल लावतां येत नाहीं. येथेंच भूगोलाचा प्रश्न नीतीचा होतो. रस्ते लहान झाले म्हणजे माणसें जवळ येतात, असें आपण धरून चाललों आहोंत. परंतु रस्ता लहान झाल्यानें पहिल्याप्रथम जर कोणती गोष्ट नाहींशी होत असेल, तर ती सबब होय.

या सबबीस पूर्वीं आपल्याकडे मोठें आणि मानाचें स्थान होतें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं तिचा विचार किती बारकाईनें केला आहे, हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. परदेशीं असलेल्या सपिंडाच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आंत कळली, तर दहांतले उरलेले दिवस सुतक पाळावें. दहा दिवस उलटल्यावर कळली, तर तीन रात्री. वर्ष लोटल्यावर कळली, तर केवळ स्नान करून शुद्ध व्हावें, अशी मनुस्मृतींत व्यवस्था आहे. मग साहजिकच प्रश्न आला कीं 'देशांतर' म्हणावें तरी कशास? कोणी म्हणाले, मध्यें महानदी किंवा पर्वत असेल तें देशांतर. कोणी म्हणाले, जेथें भाषा बदलते तें. कोणी योजनांचा आंकडा सांगितला. आणि कोणी असेंहि म्हटलें कीं जेथील वार्ता दहा रात्रींत कानीं येत नाहीं, तें देशांतर. हा शेवटचा विचार मला फार मार्मिक वाटतो. दूरपणा जमिनीवर मोजावयाचा नसून काळावर मोजावयाचा, हें त्या स्मृतिकारांनीं विमान तर सोडाच, पण चांगला रस्ताहि दुर्मिळ होता त्या काळीं ओळखलें. आणखीहि एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ही सवलत भाऊबंदांस होती, पुत्रास नव्हती. आईबाप वारल्याची वार्ता दूरदेशीं असलेल्या पुत्रास ज्या दिवशीं कळेल, त्या दिवसापासून त्यानें पुरे दहा दिवस पाळावे, असें निबंधकार सांगतात. अंतराची सबब त्यांनीं मान्य केली, पण कोणास किती मान्य करावयाची याचें तारतम्य सोडलें नाहीं. त्या व्याख्येप्रमाणें पाहिलें तर आज पृथ्वीच्या पाठीवर देशांतर म्हणून कांहीं उरलेंच नाहीं. वार्ता तर क्षणांत कळते. आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळें कोणतींहि दोन गांवें सरळ मार्गानें २०,००० किलोमीटरांहून फारशीं दूर असूंच शकत नाहींत.

देशांतर नाहींसें होण्याची ही क्रिया दोनशें वर्षांहून कमी काळांत घडली. शिडाच्या जहाजांच्या दिवसांत आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून मुंबईहून इंग्लंडास जाण्यास, वाऱ्याच्या मर्जीप्रमाणें, चार ते सहा महिने लागत. मार्च १८३० मध्यें मुंबईच्याच गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट सुएझकडे निघाली आणि वाटेंत कोळसा घेत घेत महिन्याहून थोड्या अधिक काळांत तेथें पोहोंचली. पुढें वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्र गांठावयाचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला, केपच्या वाटेच्या मानानें चार हजारांहून अधिक सागरी मैल वांचले, आणि प्रवास तीन आठवड्यांच्या घरांत आला. १८७० मध्यें एडनमार्गे समुद्राखालची तार मुंबईस लागली. माझ्या मतें या सर्व इतिहासांत तारेचें वर्ष मनुष्याच्या मनाच्या दृष्टीनें सर्वांत कठीण. त्यापूर्वीं बातमी आणि माणूस एकाच जहाजांतून येत. जें कळे तें होऊन गेलेलेंच असे. तारेनें मात्र आई अत्यवस्थ असल्याची बातमी थोडक्या काळांत येई आणि मुलाचें शरीर तीन आठवडे मागें राही. कळलें आहे पण जातां येत नाहीं, ही एक नवीन यातना जन्मास आली.

तें शरीर पुढें ओढण्याचें काम विमानानें केलें. मार्च १९२९ मध्यें लंडनहून कराचीस येणारी विमानसेवा सुरू झाली. तिला सुमारे एक आठवडा लागे, आणि त्यांतहि युरोपांतील कांहीं मजल आगगाडीनें काढावी लागे. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान कैरो व जिनिव्हा या वाटेनें मुंबईहून लंडनला निघालें, आणि आठवड्याचा प्रवास एका दिवसाच्या आसपास आला. १९६० मध्यें त्याच मार्गावर जेट विमान आलें. आणि गंमत अशी कीं, तेथें ही धांव जवळजवळ थांबली. मधले थांबे गेले, तेवढा वेळ वांचला. परंतु आजचें प्रवासी विमान त्या विमानापेक्षां जलद उडत नाहीं. ध्वनीच्या वेगाजवळ जातांच हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडेनासा होतो. ध्वनीहून जलद उडणारें 'काँकॉर्ड' २००३ मध्यें बंद झालें. तेव्हां हे नऊ-दहा तास आतां आपल्या वांट्यास कायमचे आले आहेत असें समजून चालावें. यंत्रानें आपलें काम केलें. उरलेलें अंतर ज्याचें त्यानें काटावयाचें आहे.

या ठिकाणीं मला एका गृहस्थाची आठवण होते. सातारच्या प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं १८३९ मध्यें पदच्युत करून काशीस पाठविलें. आपल्या धन्याची दाद लावण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनास गेले. मराठी मुलखांतला माणूस, परकी भाषा, परकें अन्न, पैशाची सदा ओढाताण. १४ ऑक्टोबर १८४७ रोजीं महाराज काशीस वारले. वकील लंडनमध्यें होता. त्या काळच्या टपालास दीड-दोन महिने लागत. म्हणजे जो धनी या जगांत राहिला नाहीं, त्याच्यासाठीं हा इमानी मनुष्य कित्येक आठवडे पूर्वींप्रमाणेंच दारोदार फिरत होता. १८४८ मध्यें सातारचें राज्यच खालसा झालें. तरीहि त्यांनीं हातचें काम टाकलें नाहीं. ते परतले १८५३ मध्यें. शेवटचें दर्शन नाहीं, खांदा नाहीं, कांहीं नाहीं. असें असूनहि रंगो बापूजींनीं आपल्या धन्यास अंतर दिलें, असें कोणी म्हणूं शकेल काय?

'अंतर देणें' हा आपल्या भाषेंतला प्रयोग फार अर्थपूर्ण आहे. अंतर पडतें आणि अंतर देतात. एकच शब्द, पण क्रियापद बदललें कीं सारी जबाबदारी बदलते. नदी, डोंगर, समुद्र यांच्यामुळें अंतर पडतें. त्यांत कोणाचा अपराध नसतो. अंतर देणें हें मात्र माणसाचें कृत्य आहे. म्हणूनच संकटांत सांपडलेला मनुष्य देवास किंवा धन्यास "अंतर देऊं नकोस" अशी विनवणी करतो, "अंतर पडूं देऊं नकोस" असें क्वचितच म्हणतो. रंगो बापूजींच्या आणि त्यांच्या धन्याच्या मध्यें सात समुद्रांचें अंतर पडलें होतें. त्यांनीं तें दिलें नव्हतें. पूर्वींच्या काळीं या दोन गोष्टी सहज निराळ्या ओळखूं येत. विमानानें त्यांच्यामधली भिंत पाडली. जें पूर्वीं पडत असे तें आतां आपण देतों आहोंत कीं काय, अशी शंका प्रत्येक दूर राहणाऱ्याच्या मनांत त्यानें उभी केली. आणि ही शंका तिकिटाच्या दरानें किंवा वेळापत्रकानें फिटत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बलवान् आहे. कर्तव्याची मर्यादा सामर्थ्याइतकी असते हें खरें. पण म्हणून वाहनानें सामर्थ्य वाढविलें कीं कर्तव्यहि त्याच प्रमाणांत वाढलें, असें मानावयाचें काय? लंडनला रोज विमान सुटतें, म्हणून आईच्या प्रत्येक तापास मुलानें विमान गांठावें काय? नोकरी, रजा, मुलांच्या शाळा, तिकिटाचे पैसे, परवान्यांचे कागद, हें सर्व अंतरच नव्हे काय? आहेच. वेळापत्रकांतले नऊ तास म्हणजे एक संकुचित सत्य आहे. त्या सकाळीं जिन्यावर उभे राहून "दुपारपर्यंत येईल" म्हणणारे आम्ही सर्वजण त्याच संकुचित सत्यास भुललों होतों. सरळ रेषेंतले किलोमीटर त्या चोवीस तासांवर वांटले तर ताशीं तीनशेंच पडतात. शिवाय आकाशांतला रस्ताहि निसर्गानें दिलेला नसतो. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें भारतीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, तेव्हां दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या आपल्या विमानांस वळसा पडला आणि त्यांचा वेळ एकाएकीं वाढला. पृथ्वी कांहीं त्या दिवशीं फुगली नव्हती. तेव्हां दूर गेलेल्या मुलांस घरीं बसून दोष देणें हा एक सोपा आणि पुष्कळदां ढोंगी उद्योग आहे. त्यांच्यांतील कित्येकांस आपणच मोठ्या अभिमानानें हार घालून विमानतळावर पोहोंचविलेलें असतें.

आक्षेप मान्य केला, तरी त्यांतून इतकेंच सिद्ध होतें कीं विमानानें नवीन कर्तव्य निर्माण केलें नाहीं. त्यानें केलें तें एवढेंच, कीं न जाण्याचा निर्णय समुद्राच्या हातून काढून आपल्या हातीं दिला. पूर्वीं न जाणें ही घटना होती. आतां तो निर्णय आहे. तो योग्यहि असूं शकतो. परंतु निर्णय घेऊन तो घेतलाच नाहीं असें दाखविणें, "काय करणार, इतकें दूर!" असें म्हणून आपली निवड नकाशाच्या माथीं मारणें, हें खोटें बोलणें होय, आणि तें आपण इतरांशीं थोडें व स्वतःशीं फार बोलतों.

हें मी दुसऱ्याविषयीं लिहीत नाहीं. माझी आई पुण्यास असे आणि मी नोकरीनिमित्त मुंबईस दादरला. पुणें-मुंबई लोहमार्गानें १९२ किलोमीटर. 'डेक्कन क्वीन'नें तीन-सव्वातीन तासांचा प्रवास. विमान नको, परवाना नको, रजाहि नको, रविवार पुरे. गणपतीस आणि दिवाळीस मी न चुकतां जाई, आणि एरवीं 'पुढच्या रविवारीं' जाई. आई कधीं ये म्हणाली नाहीं. ती म्हणे, "उगीच दगदग करूं नकोस, मला काय धाड भरली आहे!" हें वाक्य ऐकून मला जें बरें वाटे, त्यावरूनच मला सारें कळावयास पाहिजे होतें. तिचें दुखणें वाढल्याचें कळूनहि मीं दोन रविवार पुढें ढकलले. एकदां कचेरींतलें काम होतें, एकदां पाऊस होता. तिसऱ्या आठवड्यांत मंगळवारीं रात्रीं निरोप आला. मी घरीं पोहोंचलों तेव्हां शेजाऱ्यांनीं सांगितलें, चाळीस मिनिटें झालीं. माझ्याकडे चाळीस मिनिटांचा हिशेब नव्हता असें नव्हे. त्या रात्रीं घाटांत गाडी खोळंबली होती, हें मीं जमलेल्या प्रत्येकास सांगितलें. दोन रविवारांचा हिशेब मात्र कोणीं विचारला नाहीं, आणि मींहि दिला नाहीं. लंडनच्या त्या मुलाचें वाक्य मला लागलें तें यासाठीं. त्यानें तें चारचौघांत उच्चारलें. मला तें इतकीं वर्षें मनांतसुद्धां उच्चारवलें नव्हतें.

तेव्हां अंतर मोजावयाचें तरी कसें? मला असें वाटूं लागलें आहे कीं, तें शेवटच्या प्रवासावरून मोजूं नये. प्रेतास बर्फांत ठेवून मुलाची वाट पाहावी कीं पाहूं नये, यावर हल्लीं घरोघर वाद होतात. माझें म्हणणें, शक्य असेल तर वाट पाहावी. तें दर्शन गेलेल्यासाठीं नसून राहिलेल्यासाठीं आहे, आणि राहिलेल्यासहि आपल्या आयुष्याशीं कसा तरी समेट करावयाचा असतो. परंतु त्या एका धांवपळीनें मागची सारी बाकी फिटली असें कोणी समजूं नये. आणि ती धांवपळ साधली नाहीं म्हणून सर्व बुडालें, असेंहि समजूं नये. शेवटच्या दिवशीं आपण किती तासांत पोहोंचलों याला महत्त्व थोडें. त्याआधींच्या साध्या दिवसांत, कांहीं कारण नसतांना, तो रस्ता आपल्या पायांनीं, पत्रानें, आवाजानें किती वेळां तुडवला गेला, यावर खरें माप ठरतें. रोज तुडवलेली वाट मैलांनीं लांब असली तरी ओळखीची राहते. न तुडवलेल्या वाटेवर गवत वाढतें, मग ती पुण्याची असो कीं लंडनची.

तेराव्याच्या दिवशीं मी त्या बिऱ्हाडीं गेलों होतों. मुलगा दुसऱ्या दिवशीं परत जावयाचा होता. बॅग दारांतच उभी होती. बोलतां बोलतां बहीण म्हणाली, "अकरा वर्षांत हा तीनदांच आला, काका. पण रात्रीं नऊचा याचा फोन कधीं चुकला नाहीं. आई आठपासून फोन मांडीवर घेऊन बसायची. तिकडे दुपार असायची, तरी विचारायची, जेवलास का?" भावानें मान खालीं घातली. तिच्या स्वरांत तक्रार होती कीं कौतुक, हें मला ठरवतां आलें नाहीं. बहुधा दोन्ही असावींत. अकरा वर्षें उठबस जिनें केली, तिच्या मनांतला हिशेब तिचा. अकरा वर्षें रोज नऊ वाजतां ज्यानें आवाज दिला, त्याचा त्याचा. त्या मुलानें आईस अंतर दिलें होतें कीं केवळ पडलें होतें, याचा निवाडा करण्याचा अधिकार जिला होता ती निघून गेली होती, आणि तिनें तो बहुधा कधींच केला नसावा.

मी घरीं आलों. माझी थोरली बहीण कोथरूडला एकटी असते. माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. तिच्याकडे जाऊन दोन महिने झाले होते. मीं चपला पुनः पायांत घातल्या.